प्रसादात वाटलेलं गुपित

बोरखडीत पोलिसांना पंच लागला की ठाण्यातला शिपाई रस्ता ओलांडून समोरच्या घराची कडी वाजवतो. घर कमलाकर मोहरील यांचं. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, म्हणून गावाच्या तोंडी अजून मोहरीलबाबू. चोरीचा मोटरपंप सापडला, जुगाराचा डाव धरला, विहिरीतून प्रेत काढलं, की पंचनाम्याला दोन भली माणसं उभी करावी लागतात. त्यातलं एक कोणीही चालतं. दुसरे मोहरीलबाबू.

पंच व्हायला गावात कुणी राजी नसतं आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. आज सही करायची, आणि सगळं विसरून गेल्यावर कधीतरी समन्स येतं. यवतमाळला जाऊन कोर्टाच्या बाकावर दिवस घालवायचा, आणि समोर आरोपी म्हणून उभा असतो तो आपल्याच गल्लीतला, त्याची आई रोज नळावर भेटणारी. मग माणूस पिंजऱ्यात चढतो आणि सांगतो, साहेब, मले काही आठवत नाही, पोलिसांनी सही घेतली. याला कोर्टात फितूर होणं म्हणतात. अर्धं गाव कधी ना कधी फितूर झालेलं आहे आणि त्यापायी कुणाची सोयरीक मोडलेली नाही. मोहरीलबाबू मात्र कधी फितूर झाले नाहीत. पाहिलं ते पाहिलं, एवढंच त्यांचं शास्त्र. नोकरीचा, पेन्शनीचा, घराचा त्यांनी कधी तोरा मिरवला नाही, याचा मिरवला. चारचौघांत विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत, आणि बाबू काही फितूर होणारे नव्हेत असं कुणीतरी म्हणेपर्यंत तो चष्मा पुसून होत नसे.

दुसरं त्यांचं दैवत म्हणजे 'गोपनीय' हा शब्द. कचेरीत असले लिफाफे त्यांच्याच हातून जात. डिंक लावायचा, लाखेची मोहर मारायची आणि पुढे पाठवायचं. आत बहुतेक वेळा कुण्या तलाठ्याच्या बदलीपलीकडे काही नसायचं आणि ती बदली कचेरीसमोरच्या चहावाल्याला आधीच ठाऊक असायची, पण बाबूंनी कधी लिफाफा उजेडासमोर धरून पाहिला नाही. सरकार झाकतं त्याअर्थी झाकण्यासारखं काही असेल, ही त्यांची समजूत. असा सरळ रेषेतला माणूस पुढे ज्या घोळात सापडला, तो पाहून हसावं की रडावं कळत नाही.

गावात कॅमेरे आले तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. आदल्या हंगामात गोठ्यांतून बैल गेले होते, भर बाजारात शेजारच्या पुष्पाबाईंच्या गळ्यातली पोत ओढून नेली होती. आता चौकाचौकात खांब उभे राहिले, त्यातला एक बरोबर मोहरीलबाबूंच्या फाटकासमोर. ठाण्याच्या मागच्या खोलीत एसी बसला, भिंतभर स्क्रीन लागली, आणि ती चालवायला कुण्या कंपनीने कंत्राटावर माणसं नेमली. त्यात पलीकडच्या गल्लीतल्या तानाबाईचा अनिकेत होता. कॉम्प्युटर शिकलेला, पुण्याला राहून परत आलेला, लग्नाला आलेला. गावात राहून खुर्चीवरची नोकरी मिळाली म्हणून तानाबाईने घरोघर पेढे वाटले. पोत ओढणारा चोर पुन्हा बाजारात आला तसा कॅमेऱ्याने धरला. पंचनाम्याला अर्थातच मोहरीलबाबू.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी ठाण्यात बंदुकांची, जीपची, बेड्यांची पूजा होते. गावचे गुरुजी कापसाच्या जिनिंगमध्ये आणि अडत्यांकडे अडकलेले असतात, म्हणून ठाण्याची पूजा वर्षानुवर्षं बाबूच सांगतात. त्या वर्षी ठाणेदार साहेब म्हणाले, आमचं खरं हत्यार आता मागच्या खोलीत आहे, त्याचीही पूजा होऊन जाऊ द्या. खोलीच्या दारावर 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी होती. झेंडूचं तोरण तिच्यावरूनच बांधलं. पूजा म्हटली की प्रसाद आला, आणि प्रसाद म्हटला की गाव आलं. आपल्याकडे प्रसादाला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची रीत नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. लोक रांगेने आत आले, स्क्रीनला हात जोडले, शिऱ्याचा द्रोण घेतला आणि वर पाहत उभे राहिले.

स्क्रीनवर बाजार चालला होता आणि चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्याशी त्याचं नाव होतं. नाव, गल्ली, कुणाचा कोण, मघाशी कुणाजवळ थांबला होता. लोक खूश झाले. एकाने आपल्या भावाला मुद्दाम बाहेर पाठवलं आणि त्याचं नाव उमटलं तशा टाळ्या पडल्या. बाबूंनी स्क्रीनला कुंकू लावलं ते नेमकं सदाशिवरावांच्या चेहऱ्यावर बसलं. सदाशिवराव म्हणजे गावातले कापूस-तुरीचे मोठे शेतकरी, त्या क्षणी बाजारात कुणाशी तरी हुज्जत घालत उभे. कपाळ चुकून कुंकू नाकाला लागलं म्हणून सगळी खोली हसली, ठाणेदार साहेबही हसले. बाबूंना मनापासून बरं वाटलं. सरकारला एवढ्या साध्या माणसांची नावं माहीत आहेत, म्हणजे केवढी ही काळजी.

रत्नप्रभाबाईंचं, म्हणजे बाबूंच्या बायकोचं, विसरणं त्याच सुमारास वाढत होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही, मग त्यांनी स्वयंपाकघरच सोडलं. माहेर वणीजवळच्या राजूरचं. वडील तिथे कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होते. आता वडील नाहीत, ते घरही नाही, पण बाईंना रोज नव्याने वाटायचं की घरी वाट पाहत असतील, गेलं पाहिजे. एका दुपारी बाबूंचा डोळा लागला आणि उठून पाहतात तो फाटक उघडं. शेजारी नाहीत, देवळात नाहीत, विहिरीत वाकून पाहिलं. शेवटी त्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, लेकीच्या लग्नात काढलेली दोघांची, आणि ती काखेत घेऊन पायात चप्पल न घालता समोर ठाण्यात गेले.

अनिकेत ड्यूटीवर होता. बाबू तसबीर पुढे करू लागले तर तो म्हणाला, "राहू द्या काकाजी, फोटो नाही लागत."

त्याने काकूंचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर काकू आल्या. जिनिंगच्या भिंतीकडेने चालताना, बँकेपाशी थबकताना, आणि शेवटी बसस्टँडवर वणीच्या गाडीच्या फलाटाशी, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसलेल्या. आपल्या लेकीहून लहान असलेल्या माणसापुढे बाबूंना हात जोडायचे होते, म्हणून त्यांनी तसबीर खाली फरशीवर ठेवली आणि जोडले. त्या गडबडीत अनिकेतचं बोट कुठेतरी लागलं आणि स्क्रीनवर आदल्या दिवसाची दुपार आली. तीतही काकू. त्याच्या आदल्या दिवशीची आली, तीतही त्याच, तीच पिशवी, तोच फलाट. बाबू झोपले की बाई रोज जात होत्या, आणि गाडी निघून गेली की परत येऊन त्यांना उठवून चहा मागत होत्या. अनिकेतने घाईघाईने ते बंद केलं. पण बाबूंनी पाहिलं होतं, आणि पाहिलं ते पाहिलं. मात्र बायको सापडल्याचा आनंद त्या वेळी एवढा होता की बाकी कशाला मनात जागाच नव्हती. फोटो कुणी दिला नव्हता, तर यंत्राला तिचा चेहरा कसा ठाऊक, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

तो अनिकेतला पडला. हरभऱ्याला ओलित करायचे दिवस होते. शेतीला वीज दिवसा द्या, रात्री साप आणि रानडुकरं आमच्या जिवावर उठतात, असं म्हणत सदाशिवरावांच्या ओसरीवर बैठक झाली आणि सबस्टेशनवर जाऊन बसायचं ठरलं. सकाळी गाड्या निघायच्या आत ज्याच्या त्याच्या दारात पोलीस उभा. बैठकीला आलेला एकूण एक माणूस दिवसभर ठाण्याच्या ओट्यावर बसवून ठेवला. कुणी हात लावला नाही, चहाही पाजला, पण हलू दिलं नाही. त्यात महागावचे एक गृहस्थ होते. ते सदाशिवरावांच्या पुतणीच्या सोयरिकीचं विचारायला आले होते, विजेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण ओसरी चढताना दिसले म्हणून तेही आंदोलक ठरले. सोयरीक तिथेच मोडली. नावं यंत्राने काढून दिली होती आणि बटण अनिकेतने दाबलं होतं.

पुढच्या आठवडी बाजारात बियाण्यांच्या जाहिरातीचा ऑटो उभा होता. अनिकेतने त्याच्या भोंग्याचा माईक हातात घेतला आणि सांगून टाकलं. कॅमेरे चोरांसाठी म्हणून सांगितले, पण यात चोर थोडे आणि आपणच जास्त आहोत. कोण कुणाकडे जातो, किती वेळ बसतो, कुणाच्या उंबऱ्याला कुणाचे पाय लागतात, सगळं साठवलं जातं, गावाबाहेर पाठवलं जातं, आणि आपल्याला कुणी विचारलेलं नाही. त्याच्या मोबाइलमध्ये स्क्रीनचे फोटो होते, ते त्याने फिरवून दाखवले. पेपरात आलं. पाठोपाठ त्याला अटक झाली, सरकारी गुपित फोडल्याची कलमं लागली, कॉम्प्युटरच्या कायद्याचीही लागली, आणि शिपायाने रस्ता ओलांडून मोहरीलबाबूंची कडी वाजवली.

पंचनाम्यात काही लबाडी असती तर बरं झालं असतं. बाबू सही न करता उठून आले असते. पण अनिकेतने मोबाइल स्वतःच खिशातून काढून टेबलावर ठेवला, पासवर्ड सांगितला, फोटो उघडून दाखवले. जे झालं तेच कागदावर आलं. बाबूंनी वाचलं आणि सही केली. पेन खाली ठेवताना त्यांनी वर पाहिलं, तर पोरगा त्यांच्याकडे पाहून थोडंसं हसला. त्या हसण्याने बाबूंचं जेवण तुटलं.

वरून खुलासा आला की अशी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नाही, आरोपीने लोकांत खोटी भीती पसरवली. त्याच खुलाशात पुढे होतं की अत्यंत गोपनीय यंत्रणेची माहिती उघड करून आरोपीने देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवला. बाबूंनी तो पेपर पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर सरकारी मजकूर वाचलेला माणूस. कुठला शब्द कुठे का बसवला ते त्यांना कळायचं. हे कळेना. खोटं असेल तर गुपित कसं, आणि गुपित असेल तर खोटं कसं? शिवाय त्या गुपिताला कुंकू त्यांनी स्वतः लावलं होतं आणि त्याचा प्रसाद सगळ्या गावाने खाल्ला होता.

गावात दोन तट पडले. सदाशिवरावांनी आपल्या माणसांकडून चौकातल्या कॅमेऱ्यांवर कापसाचा बारदाना बांधून घेतला. पोलीस सोडायचे, हे पुन्हा बांधायचे. पुष्पाबाई म्हणायच्या, माझी पोत परत आली ती त्या डोळ्यामुळे, तुमचं काय जातं कुणी पाहिलं तर, भल्या माणसाला कशाची भीती. त्यावर सदाशिवराव म्हणायचे, मग न्हाणीघराला दार कायले लावता? दोघांचंही बाबूंना पटायचं, आणि हीच त्यांची खरी पंचाईत होती. सकाळी ते अनिकेतच्या बाजूने असत. माझी बायको दुपारी कुठे जाते हे मला ठाऊक नाही आणि कुण्या कंपनीला ठाऊक आहे, हे ज्याने सांगितलं त्याला तुरुंगात कसं टाकायचं? संध्याकाळी त्यांच्यातला अव्वल कारकून जागा व्हायचा. प्रत्येकजण आपल्या मनाला वाटेल तेव्हा लिफाफा फोडू लागला तर कचेरी चालेल कशी? आज या पोराने भल्यासाठी फोडला, उद्या दुसरा पैशासाठी फोडेल आणि हाच दाखला देईल. मग पुन्हा वाटायचं, लिफाफ्यात तलाठ्याची बदली असती तर गोष्ट वेगळी होती. या लिफाफ्यात रत्नप्रभेची दुपार होती. ती सरकारचं गुपित केव्हापासून झाली?

आणि एवढा विचार करून झाल्यावर फाटकासमोरच्या खांबाकडे नजर जायची. तेवढा एकच कॅमेरा उघडा होता. त्याला बारदाना बांधायला कुणी आलं नाही. बाईंचं सगळ्यांना ठाऊक होतं. सदाशिवराव येऊन एक धुतलेलं पोतं ओसरीवर ठेवून गेले आणि जाताना म्हणाले, तुमच्या खांबाचं तुम्ही ठरवा बाबू, आम्ही काही म्हणत नाही. ते पोतं तिथेच पडून राहिलं. मांजर त्यावर झोपायला लागलं.

समन्स आलं त्या आठवड्यात तानाबाई आली. फितूर व्हा असं सांगायला आली असणार, असं बाबूंनी धरलं आणि उत्तर तयार ठेवलं. ती उंबऱ्याशी बसली, रत्नप्रभाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं, बाईंनी तिला कुणीतरी राजूरची समजून पोराबाळांचं विचारलं. मग तानाबाई बाबूंकडे वळली.

"बाबूजी, मी अडाणी बाई. मले एवढंच सांगा. माह्या पोरानं बाजारात जे सांगतलं ते खरं होतं का खोटं?"

"खरं होतं," बाबू म्हणाले.

"मंग तुम्ही कोर्टात काय सांगान?"

"मी पाहिलं तेच सांगीन. खरं."

"म्हणजे तोही खरंच बोलला, तुम्हीबी खरंच बोलान, अन् त्यानं माहा पोरगा आत जाईन," तानाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर हिशेब लावून पाहत होती आणि तो लागत नव्हता. बाबूंचाही लागत नव्हता. तयार ठेवलेलं उत्तर या प्रश्नाचं नव्हतंच. तानाबाई पदराने डोळे न पुसताच उठून गेली.

कोर्टाच्या दिवशी पुष्पाबाईंना बायकोजवळ बसवून बाबू पहिल्या गाडीने यवतमाळला गेले. इस्त्रीचा सदरा, खिशात चष्म्याचं फडकं. अनिकेत जामिनावर सुटलेला, वाळलेला, आपल्या वकीलबाई आभाताईंच्या मागे उभा होता. बाबूंनी शपथ घेतली. ती त्यांना पाठ होती, पण त्या दिवशी 'संपूर्ण सत्य' या शब्दांपाशी त्यांची जीभ क्षणभर अडली.

सरकारी वकिलांनी विचारलं, मोबाइल तुमच्यासमक्ष जप्त झाला का? झाला. आरोपीकडूनच? आरोपीकडूनच. त्यातले फोटो पाहिले का? पाहिले. इथपर्यंत सगळं रुळावरून चाललं होतं. अनिकेतने मान खाली घातली. मग वकिलांनी शेवटचा म्हणून विचारलेला प्रश्न आला, "ते फोटो पोलिसांच्या गोपनीय यंत्रणेचे होते, बरोबर?"

हो म्हटलं की खाली उतरता येत होतं. बाबूंनी आजवर किती वेळा तसं म्हटलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे शिऱ्याचा द्रोण आला, झेंडूचं तोरण आलं, सदाशिवरावांच्या नाकावरचं कुंकू आलं. "यंत्रणेचे होते," ते म्हणाले. "गोपनीय होते का, ते मला सांगता येणार नाही. मी ते आधीच पाहिलं होतं."

"कुठे पाहिलं?" वकील विचारून बसले.

"त्याच खोलीत, खंडेनवमीला. ठाणेदार साहेबांनी बोलावलं होतं. मी पूजा सांगितली. गावातले सगळेच होते. सगळ्यांना आपापली नावं दिसली. नंतर शिरा होता."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. बाबू अतिशय नम्रपणे म्हणाले की शपथ संपूर्ण सांगण्याची घेतली आहे. मग सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळले आणि त्यांनी साक्षीदाराला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली.

बाबूंना आधी वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. मग कळलं. आरोपीशी संगनमत केलं का, पैसे घेतले का, आरोपीच्या आईने घरी येऊन दबाव आणला का, असं सगळं त्यांना विचारलं गेलं आणि ते नाही, नाही म्हणत राहिले. एवढा अपमान त्यांचा जन्मात झाला नव्हता, आणि तोही एक शब्द खोटा न बोलता. शेवटी आभाताई उठल्या. त्यांनी एकच विचारलं. पत्नी हरवल्या तेव्हा यंत्राला शोधायला तुम्ही त्यांचा फोटो दिला होता का?

"नेला होता," बाबू म्हणाले. "लागला नाही."

ते उत्तर लिहून घेतलं गेलं. त्यावर सरकारी वकील पुन्हा उठले. बाई सापडल्या ना? सापडल्या. त्या यंत्रामुळेच? यंत्रामुळेच. बाबूंनी तेही तितक्याच सरळपणे सांगितलं, आणि आता या दोन्हींचं कोर्ट काय करणार ते त्यांना काही समजेना. निकाल लांब होता, पुढची तारीख पडली.

बसस्टँडवर अनिकेत त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. "काकाजी, माह्यापायी तुमच्या नावाले डाग लागला," तो म्हणाला.

बाबूंनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "तू बरोबर केलं का चूक, ते मले अजून नाही समजलं," ते म्हणाले. "पण खोटं नाही केलं."

अनिकेतने मान हलवली. तो म्हणाला, "काकू रोज स्टँडवर जात होत्या, ते मले माहीत अन् तुम्हाले नाही. त्या दिवसापासून मले त्या खोलीत बसवलं नाही जात होतं. पण तुमच्या फाटकाचा खांब नोका झाकू. काकूंसाठी राहू द्या."

"मंग बाजारात कायले बोलला?"

"दोन्ही खरं हाये काकाजी," अनिकेत म्हणाला. "मी तरी काय करू?"

गाडीत बाबूंना खिडकी मिळाली, पण बाहेर त्यांचं लक्ष नव्हतं. आपण फितूर, हा शब्द ते मनात उलटापालटा करून पाहत होते, आणि आपण नेमके कुणाला फितूर हे त्यांना ठरवता येत नव्हतं. घरी आले तेव्हा मांजर पोत्यावर झोपलेलं होतं. त्यांनी त्याला उठवलं, पोतं झटकलं आणि सदाशिवरावांच्या माणसाला बोलावून समोरच्या खांबावर बांधायला लावलं. असं का केलं ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं होतं की बायको आपली आहे, तिच्यामागे कुणाला जायचंच असेल तर आपण जावं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. डोळे मिटून पडायचं, फाटकाचा आवाज झाला की उठायचं. तसा तो झाला. रत्नप्रभाबाई पिशवी घेऊन निघाल्या आणि बाबू त्यांच्यामागे निघाले. अडवलं की बाई रडत, म्हणून अडवायचं नाही, सोबत गेलं की चिडत, म्हणून सोबतही जायचं नाही. थोडं अंतर ठेवून, दुकानांच्या सावलीने जायचं. जिनिंगची भिंत गेली. बाई थांबल्या की बाबू थांबत आणि पाटी वाचायचं नाटक करत. बँकेपाशी बाई अचानक वळल्या आणि सरळ त्यांच्याकडे चालत आल्या. चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या खाली भीती.

"तुम्ही माह्या मागं मागं काहून येऊन राह्यले?" त्यांनी विचारलं. "कोण तुम्ही?"

आपण तुझ्या काळजीने येतो, असं म्हणावं तर ते सरकारी खुलाशातलं वाक्य वाटलं. शेवटी बाबूंनी आपलं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, आपण तिचे कोण ते सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही. त्या पुन्हा बसस्टँडच्या दिशेने चालू लागल्या, आणि बाबू जरा जास्त अंतर ठेवून मागे गेले.